बोएच्या टेकड्यांतले सभागृह

१९७२ सालच्या ऑगस्टमध्ये पोर्तुगीज गिनीच्या जंगलांत मतदान सुरू झाले. पश्चिम आफ्रिकेच्या त्या किनारपट्टीवर हे ऐन पावसाचे दिवस. नद्या फुगलेल्या, पायवाटा चिखलाने भरलेल्या आणि ढग जरा विरळ झाले की पोर्तुगीज विमाने घिरट्या घालायला हजर. अशा स्थितीत एका दिवसात मतदान उरकणे शक्यच नव्हते. गावामागून गाव करत ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालले आणि पाऊण लाखाहून जास्त लोकांनी मते दिली. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी मत दिलेले नव्हते. त्यांनी प्रादेशिक मंडळांवर माणसे पाठवली. त्या मंडळांनी पुढे राष्ट्रीय लोकसभेचे ८० सदस्य निवडले आणि लढा चालवणाऱ्या पक्षाने आपले ४० कार्यकर्ते त्यात घातले. अशी १२० जणांची सभा तयार झाली.

देश मात्र अजून व्हायचा होता. लिस्बनच्या लेखी हा पोर्तुगालचाच एक प्रांत होता. राजधानी बिसाऊ पोर्तुगीज फौजेच्या ताब्यात होती, मोठी गावेही तिच्याच ताब्यात होती आणि आकाशही बरेचसे तिचेच होते. ज्या देशासाठी ही लोकसभा निवडली गेली तो देश तिने स्वतःच पुढच्या वर्षी जन्माला घातला. आधी संसद आणि मग राष्ट्र, असा क्रम जगाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी दिसतो. गिनी-बिसाऊची ही हकिगत मला म्हणूनच मोलाची वाटते. तिचा पुढचा भाग क्लेशदायक आहे, आणि तोही सांगायलाच हवा.

गिनी-बिसाऊ आकाराने गोव्याच्या जवळपास दहापट, ३६ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. त्या काळी लोकसंख्या पाच लाखांच्या घरात. किनाऱ्याला समुद्र नद्यांच्या मुखांतून खोल आत शिरलेला, तिवरांची दाट राने आणि त्या रानांना बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली भातजमीन. गोव्याची खाजण शेती ज्याने पाहिली आहे त्याला हे दृश्य सांगायला नको. ही शेती पिकवणारे मुख्यतः बालांता लोक. त्यांच्यात राजा नव्हता, सरदार नव्हते. गावातली वडीलधारी माणसे बसून निर्णय घेत. पूर्वेच्या कोरड्या भागात फुला आणि मांडिंगा, बहुतेक मुसलमान, आणि फुलांमध्ये परंपरागत सरदारकीही होती. पोर्तुगीजांनी त्या सरदारांना हाताशी धरले होते. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे लढ्याला कुठे आसरा मिळाला आणि कुठे मिळाला नाही, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे.

गोव्याचा संबंध शेतीपुरता नाही. १९५१ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने घटनेत बदल केला आणि वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. वसाहतच नसेल तर स्वातंत्र्य मागणार कशापासून, असा त्यामागचा कावा. गोवा, अंगोला, मोझांबिक, गिनी सगळ्यांना तीच पाटी लागली. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा सालाझारने शेवटपर्यंत लढण्याचे फर्मान काढले होते. गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांनी ते न मानता शरणागती पत्करली, आणि त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या स्वातंत्र्यवादी संघटना एकत्र आल्या होत्या. गोव्याचे प्रतिनिधीही तिथे होते. या संयुक्त संघटनेच्या कामात बार्देशात जन्मलेले आक्विनो द ब्रागांझा यांनी पुढे मोठा वाटा उचलला. आपला गोवा सुटल्यावरही या गोवेकराने आफ्रिकेतला लढा आपला मानला आणि १९८६ साली मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात मरण येईपर्यंत तो त्यातच राहिला.

कासाब्लांकाच्या त्या बैठकीत गिनी आणि केप वर्दतर्फे बोलणारा माणूस होता आमिल्कार काब्राल. १९२४ साली गिनीतल्या बाफाता गावी जन्मलेला, आईवडील केप वर्द बेटांवरचे, लिस्बनमध्ये शेतीशास्त्र शिकलेला. १९५२ मध्ये तो सरकारी कृषी अधिकारी म्हणून गिनीत परतला आणि वसाहतीची शेतीगणना त्याच्याकडे आली. भात किती, भुईमूग किती, कोण काय पेरतो, कर कुठून भरतो, हे विचारत तो गावोगाव फिरला. हेरगिरीसाठी यापेक्षा चांगला बहाणा मिळाला नसता; पण मला वाटते काब्रालने त्या फिरतीतून मिळवले ते आणखी काही होते. शेतकऱ्याला उपदेश नको असतो, त्याला तांदळाचा भाव, मीठ, कापड आणि पोरांचे औषध यांविषयी बोलायचे असते, हे त्याला तिथे उमगले. लोक कुणाच्या डोक्यातल्या कल्पनांसाठी लढत नाहीत, चांगले जगता यावे म्हणून लढतात, असे तो पुढे आपल्या कार्यकर्त्यांना पुन्हापुन्हा बजावत राहिला.

१९५६ च्या सप्टेंबरात बिसाऊमध्ये मोजक्या साथीदारांसह त्याने पक्ष काढला, ‘गिनी आणि केप वर्दच्या स्वातंत्र्याचा आफ्रिकी पक्ष’. पोर्तुगीज आद्याक्षरांवरून तो पीएआयजीसी म्हणून ओळखला जातो. सुरुवातीला भर शहरातल्या कामगारांवर होता. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावरच्या गोदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि सुमारे पन्नास माणसे मेली. त्यानंतर पक्षाने खेड्यांकडे तोंड वळवले. तीन वर्षे तयारी झाली. २३ जानेवारी १९६३ रोजी तिते येथल्या लष्करी छावणीवर हल्ला झाला आणि युद्ध पेटले.

या युद्धाच्या लढायांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला महत्त्वाची वाटते ती १९६४ च्या फेब्रुवारीतली कासाका येथली पक्षाची परिषद. वर्षभरातच दक्षिणेचे मोठे टापू पोर्तुगीजांच्या हातून निसटले होते आणि त्याबरोबर एक वेगळेच संकट उभे राहिले होते. काही टोळीप्रमुख आपापल्या मुलखाचे राजे होऊन बसले होते. ते गावकऱ्यांना छळत, बायकांवर जबरदस्ती करत, चेटूक केल्याच्या संशयावरून माणसे मारत. काब्रालने जंगलात परिषद भरवली आणि गावकऱ्यांच्या तक्रारी उघडपणे मांडायला लावल्या. दोषी सेनानींना तिथेच अटक झाली, काहींना मृत्युदंडही झाला. बंदुकीवर राजकारणाचा अंकुश राहील हे तिथे ठरले. लष्कराची नवी रचना झाली. आणि ज्या भागातून पोर्तुगीज गेले आहेत तिथे राज्यकारभार कुणी आणि कसा करायचा, याचाही आराखडा झाला.

त्या आराखड्याचा पाया होता तबांका. तिथल्या क्रिओल बोलीत तबांका म्हणजे खेडे. प्रत्येक खेड्याने पाच जणांची समिती निवडायची आणि त्यांत निदान दोन बायका असायच्याच. कामे वाटून दिलेली. प्रमुखाकडे भातशेती आणि एकूण कारभार. एकाकडे गावाचे रक्षण. एकाकडे शाळा, आरोग्य आणि इतर सामाजिक कामे. एकाकडे लढणाऱ्यांना धान्य पुरवणे आणि पाहुण्यांची सोय. एकाकडे जन्ममृत्यूच्या नोंदी आणि हिशेब. १९६४ साली हा दोन जागांचा नियम लागू झाला होता. त्याला विरोध झाला, घराघरांत वाद झाले. पण नियम टिकला.

दुसरी गोष्ट लोकांच्या दुकानांची. वसाहतीचा व्यापार एका मोठ्या पोर्तुगीज कंपनीच्या हाती होता. शेतकरी भुईमूग द्यायचा आणि पदरात फारच थोडे पडायचे. पक्षाने मुक्त भागात दुकाने काढली. तिथे पैसा चालत नसे. शेतकरी तांदूळ, मध, मेण, कातडी आणायचा आणि बदल्यात कापड, मीठ, साबण, कुदळी, सुया, सायकली घेऊन जायचा. माल स्वीडनसारख्या देशांकडून मिळालेल्या मदतीतून येई, डोक्यावरून आणि होड्यांतून सीमेपलीकडून आत आणला जाई. तांदळाला इथे पोर्तुगीज बाजारापेक्षा चांगला मोबदला मिळे. शाळा झाडांखाली भरत, विमानाचा आवाज आला की मुले चरांत उड्या टाकत. भांडणे, काडीमोड, चोऱ्या यांचा निवाडा गावच्या न्यायालयात होई आणि न्याय देणारी माणसे गावानेच निवडलेली असत.

हे सगळे सविस्तर सांगण्याचे कारण असे की १९७२ च्या मतदानाला वजन आले ते या रोजच्या व्यवहारामुळे. कुणाला मत द्यायचे आणि कशासाठी, हे त्या शेतकऱ्याने आठ वर्षे समितीच्या बैठकांत, दुकानाच्या दारात आणि निवाड्याच्या वेळी अनुभवले होते. मतदानात एकाच पक्षाची यादी होती हे खरे. मतदाराने ‘हो’ म्हणायचे किंवा ‘नाही’. आजच्या मापाने ही पूर्ण निवडणूक नव्हे, आणि तशी ती होती असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पण ‘नाही’ म्हणणारेही दोन हजारांहून अधिक निघाले आणि ती मते मोजून जाहीर केली गेली, हेही खरे.

मतदानाच्या चार महिने आधी एक विलक्षण फेरी झाली. पक्षाचा दावा होता की दोन तृतीयांश भूभाग आपल्या ताब्यात आहे. लिस्बनचे म्हणणे, हे निव्वळ बाहेरच्या देशांतून येणारे घुसखोर आहेत. खरे काय ते पाहायला संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतमुक्ती समितीने तीन मुत्सद्दी पाठवले. एक्वादोरचे ओरासिओ सेविया बोर्हा, स्वीडनचे फोल्के ल्योफग्रेन आणि ट्युनिशियाचे कामेल बेलखिरिया. २ ते ८ एप्रिल १९७२ या दिवसांत ते शेजारच्या स्वतंत्र गिनी देशातून दक्षिणेच्या मुक्त भागात शिरले. पोर्तुगालने आधीच कडक निषेध नोंदवला होता आणि त्या काळात त्या टापूत बाँबफेकही वाढवली. पाहुणे बहुतेक वेळ पायी चालले, पुष्कळदा रात्री. त्यांनी शाळा पाहिल्या, दवाखाने पाहिले, जळालेली गावे पाहिली, गावकऱ्यांशी बोलले. परतल्यावर त्यांनी लिहून दिले की इथे कारभार चालतो आहे आणि तो या पक्षाचा आहे. संयुक्त राष्ट्रांचे अधिकृत पथक लढणाऱ्यांच्या निमंत्रणावरून वसाहतीच्या मालकाची परवानगी न घेता आत जाते, हे तोवर झाले नव्हते.

काब्रालचा बेत आता स्पष्ट होता. पोर्तुगालकडे स्वातंत्र्य मागत बसायचे नाही. राज्याचे सगळे अवयव आपण उभे केले आहेतच. निवडून आलेल्या लोकसभेने बसून स्वातंत्र्य घोषित करायचे आणि जगाला सांगायचे, हा एक स्वतंत्र देश आहे, ज्याच्या काही भागावर परक्या सैन्याने बेकायदा कब्जा केला आहे. वाद वसाहतीचा न राहता आक्रमणाचा होतो. १९७३ च्या नववर्ष संदेशात त्याने ही सभा त्याच वर्षी भरेल असे जाहीर केले.

ते पाहायला तो राहिला नाही. २० जानेवारी १९७३ च्या रात्री शेजारच्या गिनी देशाची राजधानी कोनाक्री येथे घरी परतत असताना पक्षाच्याच नौदलातल्या इनोसेंसिओ कानी नावाच्या माणसाने त्याला गोळ्या घालून मारले. पत्नी आना मारिया सोबत होती. त्याचा जवळचा सहकारी आरिस्टीडीस परेरा याला कटवाल्यांनी बांधून बोटीवर चढवले आणि समुद्राकडे निघाले. गिनी देशाच्या नौदलाने पाठलाग करून त्याला सोडवले. पोर्तुगीज गुप्त पोलिसांचा हात या कटात किती खोलवर होता यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण पोर्तुगीज गिनीच्या मूळ रहिवाशांना केप वर्दच्या शिकलेल्या, मिश्र वंशाच्या पुढाऱ्यांविषयी वाटणारी अढी कटवाल्यांनी वापरली, हे निश्चित. पुढच्या सगळ्या इतिहासात ही अढी पुन्हा पुन्हा वर येते. काब्रालच्या अंत्यसंस्काराला निघालेली तितिना सिला ही तरुण सेनानी ३० जानेवारीला उत्तरेत फारिम नदी ओलांडताना पोर्तुगीजांच्या दबा धरलेल्या तुकडीच्या हल्ल्यात गेली. आज तो दिवस त्या देशात महिला दिन म्हणून पाळतात.

नेता मारला की चळवळ मोडेल हा हिशेब चुकला. मार्चमध्ये लढवय्यांकडे सोव्हिएत बनावटीची, खांद्यावरून डागायची विमानविरोधी क्षेपणास्त्रे आली आणि पोर्तुगीज विमाने पडू लागली. २२ मे रोजी दक्षिणेतला गिलेजेचा मजबूत तळ पोर्तुगीजांनी सोडला. जुलैमध्ये पक्षाचे दुसरे अधिवेशन होऊन परेरा सरचिटणीस झाला. काब्रालने आखलेल्या कामात एकाही गोष्टीत बदल करायचा नाही असे ठरले.

सभेसाठी जागा ठरली ती पूर्वेकडचा बोएचा डोंगराळ मुलूख. हा प्रदेश विरळ वस्तीचा, जमीन खडकाळ. १९६९ च्या फेब्रुवारीत पोर्तुगीज फौजेने मादिना दु बोए हा तळ रिकामा केला होता. माघार घेताना चेचे येथे कोरुबाल नदी ओलांडणारा तराफा उलटला आणि ४७ माणसे बुडाली. पोर्तुगालच्या त्या युद्धाच्या आठवणींत हा दिवस आजही सलतो. त्यानंतर तिथे पोर्तुगीज परतले नाहीत. इतिहासात नाव मादिना दु बोएचे घेतले जाते, पण सदस्य प्रत्यक्षात जमले ते सीमेकडच्या लुगाजोल गावाच्या परिसरात, झाडांच्या आडोशाला.

२३ सप्टेंबर १९७३ रोजी बैठक सुरू झाली. शेतकरी, लढवय्ये, परिचारिका, शिक्षक, गावसमित्यांतले लोक दूरदूरच्या टापूंतून चालत आले होते. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, सभेने गिनी-बिसाऊ हे सार्वभौम प्रजासत्ताक असल्याची घोषणा केली आणि देशाची पहिली घटना मंजूर केली. घोषणापत्र वाचले सभेचे नवे अध्यक्ष जुआंव बेर्नार्दो व्हिएरा यांनी. बिसाऊत वाढलेला, शिकाऊ वीजतंत्री असलेला हा तरुण ‘नीनो’ या नावाने दक्षिणेच्या आघाडीवर दंतकथा झाला होता. वय चौतिशीच्या आसपास. काब्रालचा धाकटा सावत्र भाऊ लुईस काब्राल पंधरा जणांच्या राज्य परिषदेचा अध्यक्ष, म्हणजे राष्ट्रप्रमुख झाला. सरकारचे प्रमुखपद फ्रान्सिस्को मेंडिस यांच्याकडे गेले. सभेच्या उपाध्यक्षांमध्ये कार्मेन परेरा होत्या. वकिलाची मुलगी, मुले पदरात असताना लढ्यात उतरलेल्या, दक्षिण आघाडीच्या राजकीय कामाची जबाबदारी सांभाळणाऱ्या.

काब्रालचा डाव बरोबर लागू पडला. काही महिन्यांतच ऐंशीच्या आसपास देशांनी मान्यता दिली, आफ्रिकी एकता संघटनेने सदस्य करून घेतले. २ नोव्हेंबर १९७३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गिनी-बिसाऊच्या भूमीवरील पोर्तुगीज फौजेचा ताबा बेकायदा ठरवला; ठरावाच्या बाजूने ९३, विरोधात ७, तटस्थ ३०. जंगलात भरलेल्या १२० जणांच्या सभेचा शब्द न्यूयॉर्कमध्ये ग्राह्य धरला गेला. पोर्तुगीज लष्करातल्या तरुण कॅप्टनांनाही कळून चुकले होते की हे युद्ध जिंकता येणार नाही आणि हरलो तर गोव्याप्रमाणे दोष आपल्यावर येईल. त्यांच्या गुप्त बैठका बिसाऊमध्येही होत होत्या. २५ एप्रिल १९७४ रोजी त्यांनीच लिस्बनमधली हुकूमशाही उलथली. १० सप्टेंबरला पोर्तुगालने गिनी-बिसाऊला मान्यता दिली. ज्याचे स्वातंत्र्य सभागृहाने वर्षभरापूर्वीच घोषित केले होते, त्याला पोर्तुगालने फक्त होकार दिला.

मग सरकार बिसाऊत आले आणि इथून माझ्या मते उतरण लागली. गव्हर्नरचा वाडा, खात्यांची कार्यालये, विदेशी मदतीचे प्रकल्प सगळे शहरात. पक्षाचे कर्तबगार लोक खेडी सोडून शहरात आले. तबांका समित्या कागदावर राहिल्या. लोकांची दुकाने सरकारी व्यापारयंत्रणेत विरघळली. मालाचा तुटवडा झाला आणि शेतकऱ्याला तांदूळ विकण्यात अर्थ उरला नाही. युद्धकाळात लढवय्यांना पोसणाऱ्या देशात तांदूळ आयात होऊ लागला. घटनेने पक्षालाच समाजाची मार्गदर्शक शक्ती ठरवले होते, त्यामुळे सभागृहात विचारणार कोण? पोर्तुगीजांकडून लढलेल्या शेकडो आफ्रिकी सैनिकांना खटल्याविना ठार मारण्यात आले. त्यांच्या सामूहिक कबरी १९८० नंतर उघड झाल्या. गावात चोरीचा निवाडासुद्धा चारचौघांत करणाऱ्या चळवळीने हे करावे, याचे दुःख लढ्याविषयी आदर असणाऱ्याला अधिक होते.

नोव्हेंबर १९८० मध्ये सभागृहाने नवी घटना मंजूर केली. राष्ट्रप्रमुखाचे अधिकार वाढणार होते, पंतप्रधानाचे घटणार होते आणि मृत्युदंडाची तरतूद गिनी-बिसाऊच्या घटनेत होती, केप वर्दच्या नव्हती. दोन्ही देशांवर एकाच पक्षाचे राज्य असताना हा भेद लोकांच्या डोळ्यांत भरला. तेव्हा सरकारचे प्रमुख होते नीनो व्हिएरा. १४ नोव्हेंबरला त्यांनी लुईस काब्राल यांना हटवून सत्ता घेतली आणि सभागृह बरखास्त केले. बोएच्या टेकड्यांत ज्यांनी या सभेच्या वतीने देशाची घोषणा वाचली होती, त्यांनीच तिला टाळे लावले. केप वर्दशी असलेली एकजूट तिथेच संपली.

चार वर्षे लोकसभा नव्हती. १९८४ च्या मे महिन्यात नव्या घटनेसह ती पुन्हा भरली, १५० सदस्यांची, तीही एकाच पक्षाची. अध्यक्षपदी कार्मेन परेरा आल्या. नीनोंची जुनी लष्करी परिषद विसर्जित होऊन नवी राज्य परिषद निवडली जाईपर्यंत, १४ ते १६ मे या तीन दिवसांत राष्ट्रप्रमुखाची सूत्रे सभागृहाच्या अध्यक्ष म्हणून त्यांच्याकडे होती. प्रजासत्ताक आफ्रिकेत त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला. काळ छोटा, अधिकार हंगामी. पण गावसमितीत दोन बायका हव्यातच या नियमापासून निघालेली वाट इथवर आली होती.

१९९१ मध्ये एकपक्षीय कलम गेले आणि ३ जुलै १९९४ रोजी पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली. शंभरांपैकी ६२ जागा जुन्या पक्षाला, उरलेल्या ३८ विरोधकांना. सभागृहात खरे प्रश्न विचारले जाऊ लागले. त्यातला सर्वांत धाडसी प्रश्न शेजारच्या सेनेगलमधल्या कासामांस बंडखोरांना शस्त्रे कोण पुरवतो हा होता. अध्यक्ष नीनोंनी सारा ठपका सेनाप्रमुख आन्सुमाने माने यांच्यावर ठेवून त्यांना निलंबित केले. सभागृहाच्या समितीने मात्र स्वतंत्र चौकशी केली. अहवालावर चर्चा होणार होती ८ जून १९९८ रोजी. ७ जूनला मानेंनी बंड केले. सेनेगल आणि गिनीच्या फौजा नीनोंच्या मदतीला आल्या, बिसाऊवर महिनोन्महिने तोफा डागल्या गेल्या, लाखो लोक शहर सोडून गेले. पुढे अहवाल बाहेर आला तेव्हा मुख्य दोष मानेंचा नव्हता, सरकारातल्या वरच्या लोकांचा होता, असे त्यात निघाले. एक दिवस आधी ती चर्चा झाली असती तर काय घडले असते, हा विचार मला सोडत नाही.

१९९९ च्या मे महिन्यात नीनो पडले आणि हंगामी अध्यक्ष झाले सभागृहाचे अध्यक्ष मालाम बाकाइ सान्या. तेव्हापासून एक पायंडा पडला. राष्ट्राध्यक्ष पडला, मारला गेला किंवा वारला की नजर सभागृहाच्या अध्यक्षाकडे वळते. २ मार्च २००९ रोजी, सेनाप्रमुख ताग्मे ना वाये बाँबस्फोटात ठार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पुन्हा निवडून आलेल्या नीनोंना सैनिकांनी घरी गाठून मारले. सूत्रे सभागृहाचे अध्यक्ष राइमुंदो परेरा यांच्याकडे गेली. २०१२ च्या जानेवारीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सान्या आजाराने वारले. पुन्हा राइमुंदो परेरा. १२ एप्रिलला लष्कराने त्यांनाच अटक केली. खुर्चीचा मान घटनेने ठेवला, बंदुकीने ठेवला नाही.

लष्कराव्यतिरिक्त राष्ट्राध्यक्षांनीही सभागृहाची कोंडी केली. कुंबा याला यांनी सभागृहाने मंजूर केलेल्या घटनेवर सही केली नाही आणि २००२ मध्ये सभागृहच बरखास्त केले. २०१६ ते २०१८ या काळात पक्षांतर्गत भांडणातून १५ सदस्यांची हकालपट्टी झाली आणि कामकाज जवळपास दोन वर्षे ठप्प झाले. चीनच्या मदतीने बांधलेली आणि २००५ मध्ये सुरू झालेली संसदेची देखणी इमारत, जिला ‘बोए टेकड्यांचा प्रासाद’ असे नाव दिले आहे, त्या काळात ओस पडली होती. जून २०२३ मध्ये निवडणूक झाली, विरोधी आघाडीला १०२ पैकी ५४ जागा मिळाल्या, आणि ४ डिसेंबरला अध्यक्ष उमारो सिसोको एंबालो यांनी सभागृह विसर्जित केले. निवडणुकीनंतर बारा महिन्यांच्या आत विसर्जन करता येत नाही असे घटना स्पष्ट सांगते. २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा मतदान झाले आणि निकाल जाहीर होण्याआधीच लष्कराने सत्ता घेतली.

या पडझडीची कारणे सांगताना दक्षिण अमेरिकेतून येणारे कोकेन, लष्करातले गट आणि काजूच्या एकाच पिकावर टेकलेली अर्थव्यवस्था यांचा उल्लेख होतो आणि तो रास्तच आहे. मी त्यात आणखी एक कारण घालेन. १९९० च्या दशकापासून घटनेत स्थानिक स्वराज्य संस्थांची तरतूद आहे, त्यासाठी कायदे झाले आहेत, तारखाही ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांच्या निवडणुका तीन दशके होत आल्या, पण गावाचा किंवा शहराचा कारभार पाहणाऱ्या लोकांची निवड करण्यासाठी गिनी-बिसाऊत या काळात एकदाही मतदान झालेले नाही. तबांकात पाच जणांची समिती निवडणाऱ्या त्या शेतकऱ्यांच्या नातवंडांना आपल्या गावाचा प्रमुख अजून मताने निवडता आलेला नाही.